लाखाचा सेंटर हाफ

रघुनाथराव टिकेकर घरातल्या प्रत्येक वस्तूला दहापैकी मार्क द्यायला लागले, तेव्हाच दुर्गाबाईंच्या लक्षात आलं की ह्या माणसाला रिटायर होऊ द्यायला नको होतं. सोफ्याला चार मिळाले. कुकरला पाच, तेही शिट्टीचा अर्धा मार्क कापून. एके दिवशी पानात पडलेली पोळी त्यांनी उचलून उजेडात धरली, गोल फिरवली आणि म्हणाले, "साडेसात. पापुद्रा चांगला आहे, पण कडा जरा गेल्यात."

दुर्गाबाईंनी पोळी काढून घेतली. "आणि तुम्ही स्वतः किती हो?"

रघुनाथराव प्रामाणिक माणूस. विचार करून म्हणाले, "सहा?"

"सहा! कोपरे झिजलेत, वरचा रंग उडालाय, पाठीला बाक आलाय. तीन. तेही घरचे म्हणून."

ह्या सगळ्याला मोबाईल कारणीभूत होता. सकाळच्या चहाबरोबर व्हिडिओ बघायचा नाद त्यांना रिटायर झाल्यावर लागला. त्यात एकदा अमेरिकेतला एक गृहस्थ दिसला. त्याच्याकडे जुन्या खेळाडूंची तळहाताएवढी कार्डं होती आणि एकेका कार्डाची किंमत ऐकून रघुनाथरावांचा चहा निवला. किंमत ठरते ती कार्डाच्या अवस्थेवर. कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, चित्र बरोब्बर मध्यावर आहे का आणि वरचा पृष्ठभाग निर्मळ आहे का, असे चार मुद्दे आणि मग दहापैकी मार्क. नऊवाल्या कार्डाला घर येतं आणि त्याच कार्डाला दोन मिळाले तर वडापावसुद्धा येत नाही. रघुनाथरावांनी चौतीस वर्षं बँकेत लोकांचे कागद तपासले होते, त्यामुळे ही पद्धत त्यांना एकदम पटली. आणि मग त्यांना स्वतःचा पत्र्याचा डबा आठवला.

आता हा डबा काय होता, ते सांगायला हवं. बहात्तर सालच्या आसपास झाशीत 'चंपाकली चाय' नावाचा चहा मिळायचा. चहा यथातथाच, पण पाव किलोच्या पुड्यात हॉकीपटूचं एक कार्ड निघायचं. झाशीतल्या पोराला हॉकीचं कार्ड म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथे मूल चालायला लागलं की त्याच्या हातात काठी येते, आणि काठी आली की ते तिने दगड ढकलायला लागतं. अठरा कार्डांचा संच पुरा व्हावा म्हणून नऊ वर्षांच्या रघूने घरच्यांना इतका चहा पाजला की वडिलांना पित्ताचा त्रास कायमचा जडला.

ह्या अठरांतलं एक कार्ड होतं रामसनेही, सेंटर हाफ. छापताना बिचाऱ्याचा फोटो उलटा लागला होता आणि त्यामुळे तो डावखुरा झाला होता. हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच! गल्लीतल्या पोरांनी ते कार्ड बघितलं आणि एकमुखाने खोटं ठरवलं. बाकीची सतरा कार्डं भिंतीवर आपटून, जिंकून, हरून, खिशात घामाने भिजून लोळागोळा झाली. रामसनेहीला कुणी खेळात घेईना. तो पन्नास वर्षं डब्याच्या तळाशी, वहीच्या दोन पानांच्या मधे पडून राहिला आणि म्हणून कोराकरकरीत राहिला. कंपनीनेही चूक कळल्यावर ते कार्ड महिन्याभरात मागे घेतलं होतं, म्हणजे अशी कार्डं उरली असतील ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ही माहिती दिली पुण्याच्या सुजयने. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा एक ग्रुप मोबाईलवर होता, त्यात रघुनाथरावांनी फोटो टाकला आणि पाच मिनिटांत ह्या सुजयचा फोन. हा मुलगा असल्या कार्डांची पारख करायचा. "काका, हे खरं असेल आणि अवस्था आठच्या वर असेल, तर सव्वा लाखापर्यंत जाईल. पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही. तोवर प्लीज हात लावू नका."

सव्वा लाख! रघुनाथरावांनी ही बातमी घरात अशा आवाजात सांगितली, की जणू सेंटर हाफ त्यांनी स्वतः जन्माला घातला होता.

नोएडाहून मुलाचा, सुबोधचा, पहिला प्रश्न आला, "बाबा, ओटीपी तर नाही ना दिला कुणाला?"

शेजारचे पटैरिया जी कार्ड बघायला आले. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काए टिकेकर जी, जौ तो हॉकी उल्टी पकरें है!"

"इसी लिए तो कीमत है."

"हओ," पटैरिया जी म्हणाले. बुंदेलखंडात हा एक शब्द होकार द्यायला वापरतात आणि समोरच्याला येडा ठरवायलाही वापरतात. हा कुठला, ते रघुनाथरावांना बरोबर कळलं.

आणि दुर्गाबाई? त्या निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या वर्षी मशरूम लाखाचे होणार होते. न्हाणीघराला अजून वास येतोय."

रघुनाथरावांना लागलं. पैशाचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं, पेन्शनीत भागत होतं. पण चौतीस वर्षं त्यांच्या एका सहीवर लोकांची कर्जं पास झाली होती, आणि आता घरात 'दूध उतू जातंय' म्हटलं तरी कुणी तरी उठून खात्री करून यायचं. एकदा, आयुष्यात एकदा तरी, आपण म्हटलं ते कुणी जसंच्या तसं खरं मानावं, एवढीच त्यांची इच्छा होती. रामसनेही आता ती इच्छा पुरी करणार होता.

तर तयारी सुरू झाली. हात लावायचा नाही म्हणजे हातमोजे हवेत. रघुनाथराव स्कूटर काढून सदर बाजारात गेले. तिथे छावणीतल्या जवानांच्या वर्द्या शिवणारा दुकानदार पांढरे सुती हातमोजे ठेवायचा.

"परेड के लिए? कौन सी रेजिमेंट?" त्याने विचारलं.

"घर के लिए."

त्याने रघुनाथरावांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यात मोठे मोजे दिले. बोटांच्या टोकांना अर्धा अर्धा इंच कापड लोंबायचं. ते घालून रघुनाथराव चिमट्याने कार्ड उचलायचे आणि पटैरिया जी कुंपणापलीकडून कडक सलाम ठोकायचे.

सल्ले तर विचारूच नका. पटैरिया जींच्या मते कार्डाला किंचित बाक होता, तो पातळ कपडा टाकून इस्त्रीने काढावा. पटैरिया भाभींच्या मते पावाच्या मऊ भागाने पुसलं की कागद नवा दिसतो, त्यांनी लग्नाचा अल्बम तसाच पुसला होता. हे ऐकून दुर्गाबाई हळूच म्हणाल्या की त्या अल्बमात आता नवरी कोण आणि नवरदेव कोण ते विचारावं लागतं. आणखी एका शेजाऱ्याने कार्ड कडुलिंबाच्या पाल्यात घालून तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. रघुनाथरावांनी हे शेवटचं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी भात कडू झाला आणि डब्यात मुंग्या निघाल्या, आणि रामसनेही वहीच्या पानांत होता म्हणून बचावला.

मग सुजयने दोन्ही बाजूंच्या चांगल्या रंगीत प्रती मागितल्या. झेरॉक्सवाला बापडा सज्जन. त्याने कार्ड बघितलं, जुनं आहे, अंकल जपून धरतायत, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मोठ्या मनाने तो ते घेऊन दुसऱ्या मशीनकडे वळला. "अंकल जी, लेमिनेशन कर देता हूँ. बीस रुपए. ज़िंदगी भर की छुट्टी."

रघुनाथरावांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून समोरच्या मिठाईवाल्याने गल्ला बंद केला. कार्ड मशीनच्या तोंडापासून चार बोटांवर थांबलं. झेरॉक्सवाला दुखावला. भलं करायला जावं तर लोक अंगावर येतात, असं तो पुढच्या गिऱ्हाईकाला त्यांच्यादेखत सांगत राहिला.

शेवटी सुजय म्हणाला, कुरियरने पाठवा. काउंटरवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म ओढला.

"क्या है इसमें?"

"कार्ड."

"आधार?"

"हॉकी."

बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "वैल्यू?"

रघुनाथरावांनी घसा साफ केला. "सवा लाख."

"बिल लगेगा."

"इसका बिल कहाँ से होगा, मैडम? चाय के पैकेट में निकला था."

"तो चाय का बिल लगा दीजिए."

"उन्नीस सौ बहत्तर का?"

"फ़ोटोकॉपी भी चलेगी," बाई उदारपणे म्हणाल्या. मग रघुनाथरावांची कीव येऊन त्यांनी एक सोपा रस्ता दाखवला. फॉर्मच्या खाली एक ओळ असते, तिथे फक्त लिहायचं, 'इस वस्तु का कोई मूल्य नहीं है', आणि सही करायची. मग बिल नको, काही नको, साठ रुपयांत पुणे.

रघुनाथरावांनी पेन हातात घेतलं. मोज्यामुळे ते नीट धरता येईना. मोजा काढला. 'इस वस्तु का' एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. जे सगळं गाव म्हणतंय, तेच आपण आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यायचं? त्यांनी फॉर्म बाईंना परत केला, कार्ड उचललं आणि स्कूटर हळूहळू चालवत घरी आले.

सुजय खरंच भला मुलगा. दिवाळीत त्याला ग्वाल्हेरला एका नातेवाईकांकडे जायचं होतं, तो म्हणाला पाडव्याला झाशीला उतरतो आणि प्रत्यक्ष बघतो. म्हणजे आणखी तीन आठवडे कार्ड सांभाळायचं. घरात कुलपाची जागा एकच, दुर्गाबाईंच्या कपाटातला लॉकर. त्याची किल्ली त्यांच्या कमरेला.

"माझ्या पाटल्यांशेजारी हा चहावाला ठेवायचा?"

"सेंटर हाफ आहे तो. सव्वा लाखाचा."

दुर्गाबाईंनी लॉकर उघडला, पाटल्यांची डबी सरकवली आणि जागा करून दिली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रघुनाथराव झेंडूची फुलं आणायला गेले होते. दिवाळीत झेंडूवाला भाव सांगतो आणि गिऱ्हाईक भाव पाडतं, ह्यात तास जातो. ते परतले तेव्हा पूजेची सगळी मांडामांड झाली होती. पाटावर लाल वस्त्र, कलश, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, चांदीची नाणी, पाटल्या, बँकेचं पासबुक. आणि सगळ्यांच्या मधोमध, कलशाला टेकून, वहीच्या पानांतून बाहेर काढलेला रामसनेही.

त्याच्या कपाळावर कुंकू होतं. ओलं. दुर्गाबाईंचं बोट तसं काही नाजूक नव्हे, त्यामुळे कुंकवाने दोन्ही भुवया आणि नाकाचा शेंडा आपल्यात घेतला होता. वर हळद. हळदीवर दोन अक्षता चिकटलेल्या. आणि फुलाने शिंपडलेल्या पाण्याचा एक थेंब स्टिकवरून हळूहळू खाली चालला होता.

रघुनाथरावांच्या हातातली झेंडूची पिशवी खाली पडली. ओरडावं तर समोर लक्ष्मी, आणि मागे प्रसादासाठी आलेले पटैरिया पतिपत्नी. ते पाटावर बसले. आरतीत त्यांचा आवाज दोनदा चिरकला. लोकांना वाटलं भक्ती. पटैरिया जींनी तर आरती झाल्यावर कार्डालाही हात जोडले. "अब तो जे देवता हो गए," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर स्फोट झाला.

"अगं, हात लावू नका म्हणाला होता तो!"

"हात कुठे लावला? बोट लावलं."

"तीन आठवडे जपलं मी! माझ्या श्वासाचा वारा लागू दिला नाही! आणि तू... तुला काय कळतं गं त्यातलं?"

दुर्गाबाई ह्यावर काहीतरी बोलतील म्हणून रघुनाथराव थांबले. पाटल्या हातात घालून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. रघुनाथरावांना तेवढ्यात कळलं होतं की वाक्य जरा जास्त झालं. पण मान कुठल्या बाजूला वळवून ते मागे घ्यायचं, हे नवऱ्यांना कुणी शिकवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला अकराच्या सुमाराला सुजय आला. तिशीचा, चष्मा, पाठीवर पिशवी. पिशवीतून भिंग, छोटा दिवा आणि काळं मखमली कापड निघालं. रघुनाथरावांनी कार्ड पालथं ठेवलं होतं. तेवढीच घटकाभर अब्रू.

"वा!" सुजयने मागची बाजू बघत म्हटलं. "काका, कोपरे नऊ. काय राखलंत! कडा... कडा पण नऊच म्हणतो मी. अहो, ह्या वयाच्या कार्डाला असे कोपरे मी बघितले नाहीत." आणि मग त्याने कार्ड उलटं केलं.

त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"हे काय आहे?"

"कुंकू," रघुनाथराव म्हणाले.

सुजयने भिंग लावलं. दिवा लावला. एक अक्षता निघाली ती त्याने अदबीने बाजूला ठेवली. "पृष्ठभागाला दोन द्यावे लागतील, काका. आणि एक मुद्दा इतका खाली गेला की सगळंच खाली येतं. आता बाजारात बाराशे. फार तर पंधराशे." रघुनाथरावांचा चेहरा बघून तो घाईघाईने पुढे बोलला, "पण अगदीच गेलेलं नाही. पुण्यात माझ्या ओळखीचे एक कागद दुरुस्त करणारे आहेत. ते रंग बराचसा उतरवतील. मग पाचपर्यंत जाईल. चाळीस हजार कुठे गेले नाहीत. मी आजच घेऊन जाऊ का?"

दारात दुर्गाबाई फराळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"कुंकवाने किंमत गेली का रे?" त्यांनी विचारलं.

"काकू, खरं सांगायचं तर लावायला नको होतं."

दुर्गाबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. मग त्या सुजयकडे वळून बोलायला लागल्या, पण ऐकवत होत्या कुणाला, ते सांगायला नको. "हे महिनाभर म्हणत होते, सव्वा लाखाचं आहे, सव्वा लाखाचं आहे. मग लक्ष्मीपूजनाला घरातली सगळ्यात मोठी लक्ष्मी कपाटात कोंडून ठेवू? आणि बाहेर चार चांदीची नाणी पुजू? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, लक्ष्मी काय म्हणेल? मी तर माझ्या पाटल्यांच्या आधी त्याला कुंकू लावलं. माझं चुकलं असेल. मला त्यातलं कळत नाही."

आणि पदराने हात पुसत त्या आत गेल्या.

रघुनाथराव खुर्चीत तसेच बसले. महिनाभर त्यांनी जगाच्या पाया पडून सांगितलं होतं. पोटच्या पोराने शंका घेतली, शेजाऱ्याने 'हओ' म्हटलं, ह्या सुजयनेसुद्धा भिंग लावल्याशिवाय शब्द दिला नव्हता, आणि त्याचं काही चूक नव्हतं. पण तोंडाने मशरूमचे टोमणे मारणाऱ्या ह्या बाईने मनातून एकदाही विचारलं नव्हतं की खरं का. ह्यांनी म्हटलं लाखाचं, म्हणजे लाखाचं. मग आता त्याची पूजा करायला हवी, इतकं सरळ. रघुनाथरावांनी काहीतरी करायचं म्हणून ताटातली चकली अख्खी तोंडात घातली, ती घशात अडकली, आणि सुजयला उठून त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "राहू दे, सुजय. उतरवायला नको."

"काका, चाळीस हजार आहेत."

"असतील. तू जेवून जा."

सुजय श्रीखंड-पुरी खाऊन दुपारच्या गाडीने गेला. जाताना त्याने दुर्गाबाईंच्या पुरीला दहापैकी दहा दिले, म्हणजे मुलगा अगदीच पुस्तकी नव्हता.

संध्याकाळी पाडव्याची ओवाळणी. रघुनाथराव पाटावर बसले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की रुसव्याच्या भरात आपण ओवाळणी आणलेलीच नाही. दुर्गाबाईंनी गंध लावलं, सुपारी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. नजर मात्र तबकावर. रघुनाथरावांनी शेजारच्या टेबलावरचं कार्ड उचललं, मोज्याशिवाय, चांगलं चार बोटांनी धरून, आणि तबकात ठेवलं.

"हे काय?"

"ओवाळणी. काल मी बोललो ते... ते मी बोलायला नको होतं."

दुर्गाबाईंनी कार्डाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "पंधराशेची?"

दुर्गाबाईंनी निरांजन खाली ठेवलं, कार्ड उचललं आणि पदराने त्याच्या कडेला लागलेलं तेल टिपलं. "तो कालचा पोरगा," त्या म्हणाल्या. "त्याला काय कळतंय?"

आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज यायला लागला. समथरला दिलेल्या धाकट्या बहिणीला, जानकीला, फोन लागला होता. दुर्गाबाई फोनवर समथरपर्यंत फोनशिवाय पोचेल अशा आवाजात बोलतात.

"अगं, ऐक तरी. ह्या वर्षी ह्यांनी ओवाळणीत काय घातलं असेल? ... साडी कसली! लाखाची वस्तू घातली, लाखाची! ... हो गं, सव्वा लाखाची. ... खरंच का म्हणजे? अगं, ह्यांनी स्वतः सांगितलंय!"

बाहेर रघुनाथराव अजून पाटावरच बसून होते.